दोर धरणाऱ्याचं कारण

धाकटीला, माझ्या बहिणीला, दुसरी मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. बाळ अजून मान धरत नव्हतं, तेव्हा बाळाचा बाप धुराड्यावरून खाली पडून मेला आणि माझ्या भावाला पोलीस घेऊन गेले.

आमचं घर धुराड्यांच्या कामाचं. वडील हेच करत, काका हेच करत. भावानेही तेच धरलं आणि धाकटीला नवरा बघितला तोही त्याच कामातला. कारखान्याचं धुराडं रंगवायचं असो की त्याच्या विटांच्या सांध्यांत माल भरायचा असो, आधी माथ्यावर कप्पी बसवतात. मग एक जण फळीवर बसून दोराने वर लटकतो आणि दुसरा खाली उभा राहून दोराचं टोक सांभाळतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्याला दोराचे वेढे दिलेले असतात, म्हणून वरचा माणूस एका जागी थांबतो. त्याला खाली घ्यायचं झालं की वेढे सैल करायचे, आणि तेवढा वेळ वरच्याचा जीव खालच्याच्या दोन हातांत असतो.

माझा भाऊ दोर धरायचा. तासन्‌तास जागचा हलायचा नाही, म्हणून त्याला सगळे खुंटाच म्हणायचे. धाकटीचा नवरा लटकायचा. त्याला म्हणायचे पतंग. दोघांची जोडी अशी की कारखान्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत त्यांचं बोलणं ऐकायला बाहेर येऊन बसायची.

"अहो मेहुणे," पतंग वरून ओरडायचा, "कान खाजवायचा असेल तर आधी सांगा हं! मी धुराड्याला मिठी मारून बसतो!"

"दाजी, तोंड बंद ठेवा. तुमच्या वजनाचा अर्धा भार बडबडीचाच आहे."

"मग बडबड सोडा, मला धरून ठेवा!"

"सोडू का? सोडू?"

'सोडू का' हा आमच्या कामातला रोजचा विनोद. लहानपणी आम्ही बहिणी भांडीसुद्धा एकमेकींच्या हातात देताना तसंच म्हणायचो.

आणखी एक गोष्ट आमच्या कामात होती. आपला दोर कोणी धरायचा हे जो लटकतो तोच ठरवतो. मालक नाही, मुकादम नाही. आणि दोघांत भांडण झालं असेल, तर लटकणारा सकाळी दोराचं टोक स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या हातात देतो. त्याने ते घेतलं की भांडण संपलं. मिटलं एवढंच नाही, झालंच नव्हतं असं धरायचं. त्यानंतर ते कोणी तोंडावर आणायचं नाही, घरातल्या बायकांनीही नाही. काढलं तर दोर सुटतो, अशी समजूत. आमचे वडील आणि काका एकदा इतके भांडले की चुली वेगळ्या झाल्या. मग एका सकाळी काकांनी वडिलांच्या हातात दोर दिला. ते भांडण कशावरून होतं हे आम्हा मुलांना कधीच कळलं नाही. आईला माहीत होतं. ती बोलली नाही.

बाळंतपणानंतर धाकटी आपल्या घरी परत गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला मारलं. बाळ रात्रभर रडलं, सकाळी डबा झाला नाही, एवढंच निमित्त. त्याआधी त्याने कधी हात उचलला नव्हता. ती बाळाला छातीशी धरून आमच्या दारात आली तेव्हा तिचा गाल सुजलेला होता. भाऊ चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला, चपला न घालता निघाला आणि कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर पतंगाची कॉलर धरली. टपरीवाला होता, मुकादम होता, पाळीवर जाणारी माणसं होती.

"पुन्हा हिच्यावर हात टाकलास ना," भाऊ म्हणाला, "तर वरून सोडीन तुला. लक्षात ठेव."

त्या वेळी कोणी हसलं नाही.

संध्याकाळी पतंग आमच्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एरवी घरात शिरल्याबरोबर भांड्यांची झाकणं उघडून बघणारा माणूस.

"आई, चुकलं माझं."

"मला काय सांगतोस?" आई म्हणाली. "गाल माझा सुजलाय का? जिचा सुजलाय तिला सांग."

त्याने धाकटीला सांगितलं. काय सांगितलं ते तिलाच ठाऊक, पण ती त्याच्याबरोबर घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन ती त्याच्यासोबत फाटकापर्यंत चालत गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याने दोराचं टोक माझ्या भावाच्या हातात दिलं. भावाने घेतलं. झालं. त्यानंतर दोघं पूर्वीसारखेच कामाला लागले. वरून तीच बडबड, खालून तीच उत्तरं.

तो पडला त्या दिवशी दुपारी रंग कालवणारा माणूस डबे आणायला कोठीत गेला होता. खाली भाऊ एकटा होता. दोर तुटलेला नव्हता. कप्पी ठीक होती. वेढे सैल होते, कारण पतंगाला खाली घ्यायचं चाललं होतं. भावाने पोलिसांना सांगितलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोर गेला. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही आजार सापडला नाही. हातात चामड्याचे मोजे होते, म्हणून तळव्यांवर काही उमटलं नव्हतं. मोजे घासलेले होते, पण ते तर रोजच घासले जायचे. मग पोलीस टपरीवाल्याकडे गेले, आणि टपरीवर बोललेलं ते एक वाक्य त्यांना मिळालं.

आमचा खटला एका वकीलबाईंनी घेतला. बारीक, सतत सर्दी झालेल्या, रुमाल पदराला खोचून फिरणाऱ्या. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी आईला, मला आणि धाकटीला समजावलं.

"खून होताना कोणी पाहिलेलं असलं, तर का केला हे सरकारला दाखवावं लागत नाही. पाहणारा सांगतो, कोर्ट ऐकतं. इथे पाहणारा कोणी नाही. हात घसरला की हात सोडला, हे दोराला विचारता येत नाही. म्हणून सगळे विचारणार, याच्याकडे कारण होतं का? कळलं? इथे कारण हाच त्यांचा साक्षीदार आहे."

"पण भांडण मिटलं होतं," मी म्हणाले.

"तेच तर सांगायचंय. भांडण झालं हे लपवायचं नाही. टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलंय. आपण सांगायचं, हो, झालं. रागाच्या भरात बोलला. मग मिटलं. आणि मेलेल्या माणसाने स्वतः त्याला दोर धरायला दिला. ज्याची भीती वाटते त्याच्या हातात आपला जीव कोण देईल? आई, तुम्ही एवढंच म्हणायचं. झालं आणि मिटलं."

आईने मान हलवली. वकीलबाईंना वाटलं, ती हो म्हणाली.

टपरीवाल्याची साक्ष आधी झाली. बिचारा घामाघूम झाला होता. धमकी ऐकली का, तर ऐकली. कोणत्या शब्दांत, तर त्याने शब्द सांगितले. "पण साहेब, 'सोडू का' असं तर ते रोजच..." तो सांगायला लागला. सरकारी वकिलांनी त्याला थांबवलं, विचारलं तेवढंच सांगा म्हणाले. नंतर वकीलबाईंनी त्याच्याकडून ते वदवून घेतलं, पण तेव्हा तो म्हणाला, "रोज म्हणायचे ते हसून, साहेब. त्या दिवशी हसून नव्हतं." खरं बोलणारा माणूस कोणत्याच बाजूच्या कामाचा नसतो.

मग आई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिने काठाला दोन्ही हातांनी धरलं होतं. वकीलबाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या मुलात आणि जावयात भांडण झालं होतं ना?"

"नाही," आई म्हणाली.

वकीलबाईंनी रुमाल नाकाला लावला, काढला. "आई, टपरीवर जे झालं, त्याबद्दल विचारतेय मी."

"काही झालं नाही."

सरकारी वकील उठले तेव्हा त्यांना फारसं काही करावं लागलं नाही. "मुलगी तुमच्याकडे सुजलेला गाल घेऊन आली होती?" नाही. "जावई माफी मागायला आला होता?" नाही. "टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं ते खोटं?" आई म्हणाली, "मला त्यातलं काही माहीत नाही." न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. मला त्या बघण्यातच कळलं, त्यांनी आईला खोटं धरलं.

व्हरांड्यात वकीलबाईंचा आवाज चढला. "आई, काय केलंत हे? मी शंभरदा सांगितलं होतं! झालं म्हणा आणि मिटलं म्हणा!"

"मिटलं म्हणजे झालंच नाही. जावयाने दोर दिला होता. त्यानंतर काढत नाहीत ते."

"अहो, कुठला दोर आता? माणूस गेला!"

"माझा मुलगा अजून लटकतोय की," आई म्हणाली.

वकीलबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग बाकावर बसल्या. मी आईला समजावायला गेले नाही. तिच्या डोक्यात काय होतं ते मला नीट दिसत होतं. नवरा, दीर, मुलगा, जावई, सगळ्यांचे दोर तिने गप्प राहून धरले होते. भर कोर्टात ते भांडण उच्चारायचं म्हणजे तिच्या लेखी स्वतःच्या हाताने वेढा सोडायचा. आणि कोर्टाच्या लेखी ती खोटं बोलणारी बाई होती, आणि मुलाचं कारण किती मोठं आहे हे जाणून ते झाकायला आली होती.

"आता धाकटी," वकीलबाई म्हणाल्या. "आता सगळं तिच्यावर."

धाकटी मेलेल्याची बायको आणि आरोपीची बहीण. तिने भावाच्या बाजूने साक्ष दिली तर त्याला वजन होतं, असं वकीलबाई म्हणत. तिने शपथ घेतली तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं.

"दोर कोणी दिला?"

"माझ्या नवऱ्याने. स्वतःच्या हाताने."

"काही बोलला का?"

"हो. म्हणाला, 'घ्या मेहुणे, आणि आज शिंकू नका.'"

कोर्टात थोडे लोक हसले. न्यायाधीशांच्याही ओठांवर काहीतरी हललं. आरोपीच्या पिंजऱ्यात भावाने मान खाली घातली, कारण त्यालाही हसू आलं होतं आणि त्याच वेळी रडूही. मला वाटलं, सुटला. खरंच वाटलं. वकीलबाईंनी आमच्याकडे बघून रुमाल खोचला.

सरकारी वकील हळूच उठले. ते धाकटीशी आदबीने बोलले, घरातल्या मोठ्या माणसासारखे.

"बाई, तुमचा नवरा गेला, त्याचं मला वाईट वाटतं. फार विचारत नाही. दोर दिल्यानंतर त्याने तुमच्यावर कधी हात उचलला?"

"नाही."

"बरं. आता आठवून सांगा. टपरीवर तुमचा भाऊ जे बोलला ते तुम्हाला नंतर कळलं. कळलं ना?"

"हो."

"तेव्हा ते तुम्हाला खरं वाटलं होतं का? हा असं करू शकेल, असं?"

नाही म्हणायचं होतं. एकच शब्द. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. धाकटीने वळून भावाकडे बघितलं. भाऊ तिच्याकडे बघत होता. ती बघतच राहिली. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या." तिने तोंड उघडलं आणि मिटलं. वकीलबाई काहीतरी म्हणायला उठल्या. तेवढ्यात सरकारी वकील म्हणाले, "साक्षीदार गप्प आहे, एवढं लिहून घ्यावं, साहेब," आणि खाली बसले.

शेवटच्या दिवशी वकीलबाई चांगलं बोलल्या, आवाज बसला तरी. त्या म्हणाल्या, कारण असणं म्हणजे करणं नव्हे. कारण शोधायला निघालं तर ते कोणत्या घरात सापडणार नाही? भावांत असतं, नवराबायकोत असतं, शेजाऱ्यांत असतं. ज्या दिवशी कारणावरून माणसाला शिक्षा व्हायला लागेल, त्या दिवशी बाहेर कोणी उरणार नाही. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. निकालाची प्रत मला पुष्कळ वर्षांनी वाचता आली, एकेक अक्षर लावत. त्यात वकीलबाईंचं ते बोलणं आहे, आणि त्याच्या खाली आहे की, भांडण किरकोळ असतं तर सख्ख्या आईने ते नाकारलं नसतं, आणि मयताच्या पत्नीलाही आरोपीबद्दल खात्री देता आली नाही. जन्मठेप.

घरी आल्यावर आईने चूल पेटवली नाही. धाकटी मोरीत कपडे धुवत बसली होती. मी तिच्या पाठीशी उभी राहिले.

"का गप्प राहिलीस?"

ती पिळलेलंच परत पिळत होती.

"नाही म्हणता येत नव्हतं? तुला तेव्हा खरं वाटलं होतं का?"

"तेव्हा नव्हतं वाटलं, ताई. देवाशपथ. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कोणीतरी आपल्यासाठी एवढं बोललं म्हणून. त्या वकिलांनी विचारलं ना, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की करू शकेल का हा? म्हणून दादाकडे बघितलं. त्याचे हात कठड्यावर होते. मी त्या हातांकडेच बघत राहिले."

"अगं, आपला दादा तो!"

"माहीत आहे."

"मग वरच्या कोर्टात सांग ना तसं. तेव्हा वाटलं नव्हतं म्हणून सांग."

तिने कपडा बादलीत टाकला. "आता काय वाटतंय असं विचारलं तर काय सांगू? आता मला माहीत नाही, ताई. एकदा डोक्यात शिरलं ते निघत नाही. बाळ हसलं की ह्यांचा चेहरा दिसतो, आणि मग त्यामागे दादाचे हात."

वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. धाकटी मुलींना घेऊन सासरच्या माणसांकडे राहायला गेली. आधी निरोप यायचे, मग कमी झाले. भावाबद्दल तिने काही विचारलं नाही आणि मीही काही कळवलं नाही.

मी भेटीच्या दिवशी तुरुंगात जायची. मध्ये जाळी, आणि दोन्हीकडून सगळेच ओरडत असल्यामुळे निम्मं ऐकू यायचं नाही. पहिली काही वर्षं तो तेच विचारायचा.

"धाकटी का बोलली नाही गं?"

"घाबरली रे. एवढी माणसं बघून."

"हो, घाबरली असेल. तिला विचारू नकोस हं तू. टोचून बोलशील, तुझी सवय आहे."

पुढे त्याने ते विचारणं बंद केलं. एकदा जाळीला कपाळ टेकवून तो म्हणाला, "ताई, एक सांगू? कोणाला सांगू नकोस."

"बोल."

"पहिल्यांदा मला नीट आठवायचं. वेढे सैल केले, ऊन डोळ्यांत गेलं, मग काळोख. बस्स. मग त्यांनी ती टपरीची गोष्ट इतक्यांदा काढली. पोलिसांनी, त्या वकिलाने, आपल्या बाईंनीसुद्धा. आता तो क्षण आठवायला गेलो की आधी ती टपरी आठवते. त्याची कॉलर आठवते. काळोखाच्या आधी माझ्या मनात काय होतं, ते मला आता सांगता येत नाही."

"काय बोलतोस हे! तू नाही सोडलंस."

"तू सांगतेस म्हणून," तो म्हणाला.

मी त्याला खूप काही बोलले. त्याच्या लहानपणचं बोलले, तो कसा मुंगीवरून पाय उचलून ठेवायचा ते. जाळीपलीकडून तो ऐकत होता, डोकं हलवत होता, पण ते ऐकणं दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकल्यासारखं होतं. घंटा झाली. बाहेर रस्त्यावर आले आणि बसथांब्यावर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्याला जे सांगितलं ते स्वतःलाही जरा जोर लावूनच सांगत होते. त्या दिवसापासून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'माझा भाऊ असं करणारा नाही' म्हणायचं सोडून दिलं. खोटं वाटायला लागलं होतं म्हणून नाही. आपण म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आता बघवत नव्हतं.

आई शेवटपर्यंत त्या भांडणाबद्दल बोलली नाही. तापात बडबडायची, तेव्हाही मुलाला म्हणायची, घट्ट धर रे, घट्ट धर. त्या भांडणाचा एक शब्द नाही. ती गेली तेव्हा भावाला अंत्यदर्शनाला सोडलं नाही. पुढच्या भेटीत मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं, सुटली," आणि विचारलं, की धाकटी आली होती का. मी हो म्हणाले. ती आली नव्हती.

मग तो खोकायला लागला. जाळीपलीकडून खोकला ऐकू यायचा आणि बोलणं ऐकू यायचं नाही. मी औषधं पाठवली, ती पोहोचली की नाही कळलं नाही. एका भेटीला गेले तर दारावरचा शिपाई म्हणाला, दवाखान्यात हलवलंय, आज भेटता येणार नाही, पुढच्या वेळी या.

माझा भाऊ तुरुंगाच्या दवाखान्यात वारला. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, हिवाळा संपत आला होता तेव्हा, पहाटे.